रतनलालशी जुळणारं नाव

ताई, मी इंदूर सोडलं तेव्हा मध्य भारताचं राज्य होतं आणि बाबांची कचेरी सहा महिने इंदुरात, सहा महिने ग्वाल्हेरात असायची. नशिबाने त्या दिवशी बाबा इंदुरात होते. खंडव्याची छोटी गाडी हलली तसे ते माझ्या डब्याबरोबर चार पावलं चालले. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. तर म्हणाले, "पाकिटावर नाव पूर्ण लिहीत जा." मला हसूच आलं. तू मात्र पदर तोंडाशी धरून उभी होतीस.

नाव पूर्ण लिहिलं आणि पुण्यात पंचाईत झाली. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हेडक्लार्कने विचारलं, "रतनलाल? मारवाडी का तुम्ही?" त्याला काय सांगणार! माझ्याआधी आईचे दोन मुलगे गेले, म्हणून माझं नाव ठेवायचा हक्क तिने शेजारच्या मारवाडी काकीजींना देऊन टाकला होता. "इको नाम रतनलाल धरो, बाईजी. म्हारे घर को नाम है, नजर नी लगेगी." नजर लागली नाही, मी जगलो. पण नाव तोडलं तर नजर लागेल, म्हणून नुसतं 'रतन' म्हणायची आईची कधी छाती झाली नाही.

मग मला मुलगी झाली. सासऱ्यांना सुनेत्रा नाव पसंत होतं, पण त्यापुढे रतनलाल आला की त्यांचा चेहरा कडू व्हायचा. "सुनेत्रा रत्नाकर लावू या. शाळेत पोरी चिडवतील हो तिला." ताई, आज कबूल करतो, मी मान डोलावली. पुणेकर होता होता मी पार थकून गेलो होतो.

बारशाला आत्या म्हणून तू आलीस. नावाची चिठ्ठी तुझ्या हातात दिली. ती वाचून तू एवढंच म्हणालीस, "ये रत्नाकर कौन है, भिया?" मला तुझ्याकडे बघवेना. मग तू पाळण्यात वाकलीस, कुर्र केलंस, पाठीवर धपाटे खाल्लेस आणि उठून खणखणीत सांगितलंस, "मालती रतनलाल!" सासरे चपापले. पण आत्येने घेतलेलं नाव कोण फिरवणार?

"तू पत्रात सुचवलेली सगळी नावं येताना गाडीत रतनलालला लावून पाहिली," नंतर घुगऱ्या खाता खाता तू म्हणालीस. "सुनेत्रा म्हटलं की पुढे जीभ अटकते. मालती रतनलाल कसं, एका दमात येतं. और काकीजींच्या दारात मालतीची वेल पण आहे ना!" मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. खरं तर रडलो. त्या चिठ्ठीनंतर आईला काय तोंड दाखवणार होतो मी?

मालतीचं लग्न झालं तसं तिचं मधलं नाव बदललं. रीतच आहे, तक्रार नाही. पण तिच्या नावातून मी उतरलो ते उतरलोच. आई, बाबा, काकीजी, सगळे गेले. ऑफिसात मी आर. जी. होतो, इथे जिन्यात सगळ्यांचा आजोबा आहे. अख्खा रतनलाल उरलाय तो तुझ्या पाकिटांवर. पोस्टमन पाकीट देतो, वर तुझं तिरकं अक्षर असतं. ताई, माझं इंदूर आता तेवढंच आहे, आणि मला त्याची फार आठवण येते.

दोन महिने तुझं पत्र नाही. मागच्या पत्रात हात कापतो म्हणाली होतीस. मग आत काही लिहू नकोस, कोरा कागद घाल. पाकिटावर मात्र नाव पूर्ण लिही.