आत्याला टाळायची सोय

सोसायटीच्या बैठकीत मी सांगितलं होतं की नाशिक-ठाणे प्रवासात अ‍ॅपवरून अनोळखी माणसांना गाडीत घेतो ते पर्यावरणासाठी. टाळ्याही मिळाल्या. खरं कारण माझी आत्या होती, हे आज कबूल करतो.

आत्या इगतपुरीची. माझी पहिली नोकरी तिथेच होती. दोन वर्षं तिच्याकडे जेवलो, आणि भात गिचका झाला तर तोंडही वाकडं केलं. आता तिला डोळे तपासायला दर महिन्याला ठाण्याला जायचं असतं आणि मी दर सोमवारी तिच्या फाट्यावरून ऑफिसला जातो. पण आत्या बसली की एसी बंद, काच खाली, आणि कसारा घाट संपेपर्यंत माझं वजन, माझा पगार नि मुलाचं लग्न यांची चौकशी. अनोळखी माणूस कानात इअरफोन घालतो आणि झोपतो. शिवाय तिन्ही सीटा गेल्या की खोटं न बोलता सांगता येतं, "गाडी भरलीय, आत्या."

एका सोमवारी इगतपुरी फाट्यावरून कुणा मुलीचं बुकिंग होतं. गाडी थांबवली तर आत्या उभी.

"शेजारच्या पोरीच्या मोबाइलवरून केलं," पुढचं दार उघडत ती म्हणाली. "तुझा फोटो दिसला. म्हटलं, पैसे भरून तरी बसवतो का बघू."

मागचे दोघे हसले. माझे कान तापले. "अगं, तसं नाही, खरंच जागा..."

"पुढं बघून चालव. आणि एसी राहू दे, त्यांनी पण पैसे भरलेत."

घाटभर ती काही बोलली नाही. पगाराबद्दलसुद्धा नाही. मला ते सोसेना. शेवटी मीच वजन वाढल्याचं सांगून पाहिलं.

"हो का," म्हणाली.

ठाण्यात दवाखान्याच्या दारात मी तिचा हात धरला. "आत्या, चुकलो. संध्याकाळी मीच नेतो. यापुढे दर महिन्याला. अ‍ॅप नको, पैसे नको."

"नको रे बाबा. परतीला एका बाईची गाडी बुक केलीय." तिने हात सोडवून घेतला. "तुझ्याकडं फुकट बसायचं म्हणजे आठ दिवस आधीपासून गोड बोलायला लागतं. लय दमायला होतं मला."