मध्ये समुद्र आहे, आई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही. तुम्हालाही सांगितलं नसतं — पण परवा माझ्या नातीने घोळ केला.

शाळेतून तिला युरोपातल्या शहरांमधली अंतरं शोधायला दिली होती. इथे ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनच्या आमच्या घरात मी मेथी निवडत बसले होते. म्हटलं, लंडन ते फ्रँकफर्ट बघ की. का म्हटलं? जीभ वळवळली, दुसरं काय! पापणी लवायच्या आत फोनने विमानाचा वेळच दाखवला. कार्टी म्हणते, "वन आवर फॉर्टी. दॅट्स नथिंग, आजी."

नथिंग. चाळीस वर्षं झाकून ठेवलेलं असं कुणीही अंगठ्याने उघडावं? मेथीच्या काड्यासुद्धा मी पानांत टाकल्या.

तेव्हा मी लंडनला होते, धाकटी बहीण सुमन फ्रँकफर्टला. तिचं पहिलं बाळंतपण. नागपूरहून आई यायची होती, तिला व्हिसा मिळाला नाही. आई नसली तर थोरली बहीण जाते — यात विचारायचं काय असतं? तरी आईने बिचारीने फोनवर विचारलं, "तुझ्यापासून सुमी किती लांब गं?"

आता या बाईसाहेबांकडे बघा. वय सत्तावीस. आयुष्यातला पहिला लांब लाल कोट घेतलेला, ऑफिसची पार्टी दहा दिवसांवर. रजा? होती की — चांगली तीन आठवडे शिल्लक होती. पण लंगोट धुवायला जायचं? छे.

मी म्हटलं, "फार लांब आहे. मध्ये समुद्र आहे, आई."

आहेच की समुद्र! विमानात चहा हातात येईपर्यंत मागे पडतो, इतकंच. पण आईने समुद्र एकदाच पाहिला होता, चैत्यभूमीला गेली तेव्हा, आणि त्याचं दुसरं टोक काही तिला दिसलं नव्हतं. तिने लगेच मानलं. वर मलाच म्हणाली, जिवाला लावून घेऊ नकोस. मग जय भीम म्हणून फोन ठेवला.

पार्टी झाली. कोट तिथल्या माणसाने दारातच काढून आत टांगायला नेला — माझा तो लाल कोट कुणी पाहिलासुद्धा नाही.

आणि सुमी? नवरा सकाळीच कामावर जायचा. टाके ओले असताना ती स्वतःची अळिवाची खीर स्वतःच ढवळत उभी राहायची. हे आईनेच मला सांगितलं. पुढे कौतुकाने म्हणाली, सुमी किती समजूतदार बघ. म्हणते, हो आई, ताईला खरंच लांब पडतं.

सुमीला ठाऊक नव्हतं? त्याआधी दोनदा ती माझ्याकडे येऊन गेली होती. त्याच विमानाने.

आई गेली ती तो समुद्र खरा धरूनच.

मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सुमी ऑकलंडला आली. पासष्टीची बाई — दोन ठिकाणी विमान बदलून, एका दिवसाहून जास्त प्रवास करून. पाय सुजलेले. मी मानभावीपणे विचारलं, लांब पडलं का गं?

"नाही ताई," ती म्हणाली. "फार नाही."

तेव्हा तरी बोलायचं! नाही बोलले. दुसऱ्या दिवशी तिने अळिवाची खीर केली. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली, आणि वर गोड कमी आहे म्हणाले.