पायलटचा हिरवा चेहरा

बारावी झाली त्या वर्षी मी घरात टिकतच नव्हतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नौदलात विमानांच्या देखभालीसाठी भरती निघाली होती. मी मुंबईला जाऊन लेखी परीक्षा देऊन आलो होतो आणि पासही झालो होतो. आता वैद्यकीय तपासणीचं बोलावणं पोस्टानं यायचं होतं, आणि ते काही येत नव्हतं. पोस्टमनची सायकल गल्लीच्या तोंडाला दिसली की मी अनवाणी धावत जायचो. तो लांबूनच हात हलवायचा. मग उरलेला दिवस कसा काढायचा तेच कळायचं नाही. एकदा सकाळी उगीचच सायकल काढली, पन्हाळ्याच्या चढाला लागलो आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. आपल्या मागं पत्र आलं असेल तर? आलं नव्हतं.

आक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, तेव्हा महिनाभरासाठी माहेरी आली होती. दाजी मालवाहू जहाजावर नोकरीला होते. त्यांनी सिंगापूरहून माझ्यासाठी एक खोकं आणलं होतं. झाकणावर समुद्र, धूर, आणि त्यातून वर उसळणारं निळं लढाऊ विमान. दुसऱ्या महायुद्धातलं, विमानवाहू जहाजावरून उडणारं. पंख मुळापाशी खाली वाकलेले आणि तिथून पुन्हा वर उचललेले, घारीनं झेप घ्यायच्या आधी धरावेत तसे.

"हे कर आता," आक्का म्हणाली. "भोवऱ्यागत फिरालायस नुसता. एका जागी बस तरी."

खोक्यात तयार विमान नव्हतं. प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शंभरेक बारीक भाग होते, चिकटवायची नळी होती आणि चित्रं काढलेला घडीचा कागद. मी कागद बाजूला सारला आणि पहिल्याच बैठकीत विमानाचं धड चिकटवून टाकलं. आतली बसायची जागा आधी बसवायला हवी होती, हे नंतर लक्षात आलं. धड उचकटताना एका कडेचा टवका गेला.

संध्याकाळी आबा कामावरून आले. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न करायचे. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबला की त्याचा ठसा उमटतो आणि त्या ठशात रस ओततात. तो नमुना म्हणजे पॅटर्न. आबांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि चष्मा नाकावर ओढून एक चौकट उजेडात धरली.

"हे तर आपलं रनर-गेटच की!" त्यांना एकदम मौज वाटली. "ह्या वाटेनं रस आत शिरला, आन् हितनं ह्या तुकड्यात गेला. ही बारीक रेघ दिसती का? दोन साचे जुळत्यात तिथली हाय. ही घासल्याबिगर रंग लावायचा न्हाय."

"एवढं कोण बघतंय, आबा?"

"मी बघतोय की."

त्या दिवसापासून आमची जुंपली. मला विमान दोन दिवसांत उभं करायचं होतं. आबा मात्र प्रत्येक तुकडा नखानं चाचपून परत माझ्या हातात द्यायचे. पंखांवरून तर चांगलंच भांडण झालं. जहाजावर जागा कमी म्हणून ह्या विमानाचे पंख मधोमध घडी घालून वर उभे करता यायचे. आपण पसरलेले ठेवायचे की घडी केलेले, हे आधीच ठरवायचं होतं, कारण घडी करायची तर पंख कापावा लागणार होता. मला ते उडतानाच हवं होतं. आबांना घडी हवी होती, कारण खरी कारागिरी त्या बिजागरीत होती.

"उडतंय ते सगळेच दाखवत्यात," ते म्हणाले.

पंखांचं अडलं म्हणून मी रंगाला हात घातला. कागदावर सांगितलेले रंग कोल्हापुरात कुठं मिळेनात. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातनं ऑइलपेंटचे छोटे डबे आणले आणि बाटल्यांच्या झाकणांत थोडे थोडे ओतून मिसळायला लागलो. खोक्यातला पायलट माझ्या नखाएवढा होता. केरसुणीच्या काडीला टोक काढून मी त्याला रंगवला. कातडी जाकीट, गळपट्टी, चेहरा. तासभर मी जागचा हललो नाही. त्या सगळ्या महिन्यात पहिल्यांदाच.

आक्का भाजी निवडत होती. मी पायलट तिच्यापुढं धरला. तिनं बघितलं आणि हसत सुटली.

"अरे, ह्याला काय झालंय? शेवाळ धरलंय का तोंडावर?"

"का? काय झालं?"

"हिरवा केलायस की तोंडाला. आणि जाकीट पण हिरवं."

"जाकीट तपकिरी आहे."

"हिरवं आहे."

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. तिला वाटलं, मी करतोय. आवाज वाढला तशी आई पदराला हात पुसत आतून आली. तिनं पायलटकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती शिवणाचा डबा घेऊन आली आणि सगळी रिळं जमिनीवर ओतली.

"ह्यातली हिरवी काढ."

मी चार काढली. आईनं त्यातलं एक उचललं.

"आन् हे?"

"हिरवंच की."

"हे कॉफी कलर हाय बाळ," आई म्हणाली. आक्काचं हसू थांबलं.

आबा आले तेव्हा आक्कानंच त्यांना सांगितलं. त्यांनी पायलट तळहातावर घेतला आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मला दोन वर्षांपूर्वीची एक दुपार आठवत होती. त्यांनाही तीच आठवत असणार. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर शॉपमध्ये, म्हणजे पॅटर्नच्या कारखान्यात, जात होतो. पॅटर्नला रंग द्यायचं काम त्यांनी मला दिलं होतं. जो भाग पुढं मशीनवर कापला जाणार तो तांबडा, बाकीचा हिरवा. डब्यांवरची अक्षरं पुसली होती. मी तीन पॅटर्न उलटे रंगवले. आबा सगळ्या कामगारांसमोर माझ्यावर ओरडले होते, "लक्ष कुठं असतंय तुझं? जा घरला." त्यानंतर त्यांनी मला शॉपमध्ये कधी नेलं नाही. मीही धरून बसलो होतो की आपलं चित्तच थाऱ्यावर नसतं.

"उद्या डॉक्टरकडं जाऊया," खिडकीकडं तोंड करूनच ते म्हणाले.

राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके.

"आकडा वाच."

मला नुसते ठिपके दिसत होते.

"त्र्याहत्तर," शेजारी बसलेले आबा बोलून गेले.

"तुम्ही नका सांगू," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. त्यातही ठिपके. त्याच्या पुढच्यातही. आबा हळूहळू खुर्चीच्या टोकाला आले. त्यांचे ओठ हलत होते. त्यांना प्रत्येक पानावर आकडा दिसत होता.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. लाल-हिरव्याचा गोंधळ आहे, म्हणाले, जन्मापासूनचा. औषध नाही, ऑपरेशन नाही. हे सहसा आईकडून मुलाकडं येतं. आईला स्वतःला काही नसतं. "नौदलाचं मात्र अवघड आहे," ते म्हणाले.

आम्ही घरी आलो. आई दारातच उभी होती. काय म्हणाले, असं तिनं विचारलं तेव्हा आबा चप्पल काढायला खाली वाकले. मी मात्र फटकन बोललो, "आईकडनं येतंय म्हणे हे."

तसं बोलायला नको होतं. आई खाली बसली. बोलायला लागली ती आमच्याशी नव्हे, फरशीशी बोलावं तशी. तिचं माहेर कागलच्या पलीकडं. वडिलांची थोडी शेती.

"माझ्या वडलास्नी मिरची तोडाय पाठवत नव्हतं कोण. लाल झालेली सोडून हिरवीच तोडून आणायचं. आई म्हणायची, मुद्दाम करत्यात, काम नको म्हणून. आमी पोरीबी हसायचो. मरंपर्यंत त्यास्नी आळशीच म्हटलं आमी." मग तिनं डोळ्याला पदर लावला. माझ्यासाठी की तिच्या वडिलांसाठी, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

दोन दिवसांनी पत्र आलं. तपासणीला तीन आठवडे होते.

त्या तीन आठवड्यांत मी कुठं कुठं फिरलो! होमिओपॅथीवाला झाला, गाजराचा रस झाला. शेवटी मेडिकलला शिकणाऱ्या एका ओळखीच्याकडनं तसलंच ठिपक्यांचं पुस्तक दोन दिवसांसाठी मिळवलं. मी अख्खं पुस्तक पाठ करायला घेतलं. पहिल्या पानाला बारा, दुसऱ्याला आठ. आकडा दिसत नसला तरी पानाच्या कोपऱ्यातला एखादा ठिपका, त्याचा आकार मी मनात धरून ठेवत होतो. आक्का पान उघडून धरायची आणि मी उत्तर द्यायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा अचानक घरी आले आणि दारात थांबून ऐकत राहिले.

"हे काय चाललंय?"

आक्कानं सांगितलं.

"पॅटर्न चुकला तर एक तुकडा चुकत न्हाय," आबा म्हणाले. "सगळी रास चुकती. उद्या इमानात तांबडी वायर हिरवीच्या जागी जोडलीस तर? वर बसलेला माणूस कुणाचा तरी पोरगा असतोय."

"मग काय करू?" मी ओरडलो. "तुमच्यासारखी लाकडं घासत बसू?"

आबा आत गेले. डबा विसरला होता तो घेतला आणि निघून गेले. आक्कानं पुस्तक मिटलं. तिनं पुन्हा ते हातात धरलं नाही. मी एकट्यानंच पाठ केलं.

मुंबईला उंची, वजन, कान, दात, सगळं पार पडलं. रंगांच्या खोलीत एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी पुस्तक मागून उघडलं. पाठ केलेल्यातलं ते पान मला ओळखू आलं. मी आकडा सांगितला आणि तो बरोबर निघाला. मग त्यांनी एक असं पान काढलं ज्यावर आकडाच नव्हता, ठिपक्यांतून जाणारी नागमोडी वाट होती. तसली वाट काही पाठ झाली नव्हती. "यावरून बोट फिरव," ते म्हणाले. मी बोट टेकवलं. कुठं न्यायचं ते कळेना. माझं बोट कागदावर एका जागी उभं राहिलं.

"दिसत नाही सर," मी म्हणालो.

"मग आधीचं कसं सांगितलंस?"

"पाठ केलं होतं."

ते रागावले नाहीत. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडं बघितलं, कागदावर एक ओळ लिहिली आणि पुढच्या मुलाला हाक मारली. बाहेर आल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हलकं. लाज वाटली ती नंतर, गाडीत बसल्यावर. ती कोल्हापूर येईपर्यंत वाढतच गेली.

घरी कुणी काही विचारलं नाही. आठवडाभर मी टेबलावरच्या त्या अर्ध्या विमानाकडं बघितलंही नाही. एका रविवारी ते खोक्यात कोंबून बाहेर टाकायला निघालो तेव्हा आबांनी दारातच अडवलं.

"अर्धं काम घराभाईर जात न्हाय," ते म्हणाले. "बस."

त्यांनी बारीक करवतीचं पातं आणलं होतं. डावा पंख माझ्यापुढं ठेवला आणि उजवा स्वतःपुढं घेतला. "तुझा तू पसर. माझा मी घडी करतो." त्यांनी पंख कापला तेव्हा मी श्वास धरून बघत होतो. मला वाटायचं त्यांचा हात सावकाश चालतो. तसं नव्हतं. हात झरझर चालत होता. थांबत होता तो फक्त तपासायला. त्यांनी तो जोड माझ्या बोटाखाली दिला. "डोळे मीट. फट लागती का?" लागत होती, केसाएवढी, मागच्या बाजूला. त्यांना ती सापडली नव्हती.

"हितं," मी म्हणालो.

आबांनी स्वतः चाचपून बघितलं. दोनदा. मग मान हलवली आणि म्हणाले, "त्या दिवशी शॉपमधी मी उगंच वरडलो तुझ्यावर."

एवढंच. मी म्हणालो, "असू दे." आईनं रंगाच्या सगळ्या डब्यांच्या झाकणांवर रंगाच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून दिल्या आणि पायलटचा चेहरा तिनं स्वतः रंगवला. जरा जास्तच गोरा झाला.

पुढं मी आयटीआय केलं आणि शिरोलीच्या बाजूला एका फाउंड्रीत तपासणीच्या कामाला लागलो. नवं शतक उजाडलं होतं. माप घ्यायला मी चांगला होतो. बोटानं मला जे लागायचं ते इतरांना गेज लावूनही उशिरा सापडायचं. पण तिथं पास झालेल्या मालावर हिरवा ठिपका द्यायचे आणि नापासावर लाल. लोखंडाच्या काळपट अंगावर, शेडच्या अंधारात, मला दोन्ही एकच. मी पहिले आठ दिवस सगळं दोनदा तपासत राहिलो, जेवायला उठलो नाही. रात्री झोपेतसुद्धा ठिपके दिसायचे. नवव्या दिवशी राहवेना. मी सुपरवायझरसमोर जाऊन उभा राहिलो. तो पन्नाशीचा, कायम घाईत असलेला माणूस.

"साहेब, मला लाल-हिरवं कळत नाही."

"म्हंजे?"

"दिसतच नाही वेगळं. जन्मापासनं आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग राशीकडं. मला वाटलं, आता हिशेब करून घरी पाठवतोय.

"मग आठ दिस का गप बसलास लेका? वरडायचं की!" असं म्हणून त्यानं खिशातला खडू काढला आणि समोरच्या नापास तुकड्यावर ठसठशीत फुली मारली. मग शेडभर ऐकू जाईल असा आवाज टाकला, "आजपासनं रिजेक्टला फुली मारायची रे! रंगाबिंगाचं नाटक बंद!"

मी राशीपाशी परत गेलो. पाचएक मिनिटांनी पलीकडच्या मशीनवरचा एक जण हात पुसत आला, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बरं झालं सांगितलास. मलाबी कळत नव्हतं."