काकांसाठी एक ट्राउट

हिवाळ्यात नदीत उभं राहून मासे पकडण्याला ज्याने पहिल्यांदा छंद म्हटलं, त्याला एकदा माझ्या जागी उभं करायला हवं होतं. जानेवारीतली सकाळ, छातीपर्यंत चढवलेली रबरी विजार, तिच्या डाव्या पायात कुठूनतरी झिरपणारं पाणी आणि रॉडच्या कड्यांमध्ये सारखा धरणारा बर्फ. कड्या मोकळ्या केल्या नाहीत तर दोरी सरकत नाही. म्हणून दर थोड्या वेळाने त्या नखाने खरवडायच्या, नाहीतर तोंडाजवळ घेऊन फुंकर मारायची. फुंकर मारून मारून मला चक्कर यायला लागली होती.

आम्ही राहतो त्या अल्फारेटापासून ही नदी फार लांब नाही. वर मोठं धरण आहे आणि त्यातलं पाणी तळातून येतं, म्हणून ते बारा महिने गार. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जियासारख्या उकाड्याच्या मुलखात ट्राउट मासा जगतो तो त्या गार पाण्यावर. पण धरण विजेसाठी चालतं, आमच्या सोयीसाठी नाही. कडाक्याची थंडी पडली की घरोघरी हीटर वाढतात, विजेची मागणी वाढते आणि वर जनित्रं सुरू होतात. मग भोंगा वाजतो आणि गुडघाभर नदी बघता बघता पुरुषभर होते. पाणी कधी येणार हे एका नंबरवर फोन केला की रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो, आणि हे वेळापत्रक कधीही बदलू शकतं हेही तोच आवाज त्याच थंडपणे सांगतो. म्हणजे बायकोने घरी हीटर वाढवायचा आणि मी इथे नदीतून पळ काढायचा, असा आमचा संसार.

मला या नादाला लावलं काकांनी. नात्याने ते माझे कुणी नाहीत. आमच्या मागच्या गल्लीत राहणारे, तरुणपणी सांगलीहून इथे आलेले इंजिनिअर, आता निवृत्त, काकू गेल्यापासून एकटे. मी नागपूरचा, घरात अंडंसुद्धा न आणणारा. माझ्या हातात त्यांनी मासे पकडायचा रॉड दिला तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला होता, "खायचा नाही तर पकडता कशाला त्याला?" त्यावर काका म्हणाले, "भेटायला." ती हसली नाही. मीही तेव्हा हसलो नव्हतो, कारण मला ते कळलंच नव्हतं.

दिवाळीनंतर काका स्वयंपाकघरात पडले. हाड मोडलं नाही, पण तोल गेला तो गेलाच. डॉक्टरांनी नदी बंद केली, ओहायोतल्या डब्लिनहून मुलगी आली आणि तिने गाडीची किल्ली काढून घेतली. मग ती इथेच राहिली, घर विकायला लावलं आणि ते विकलंही गेलं. मी नदीत उभा होतो त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गावी जायचं त्यांचं विमान होतं. जाण्याआधी काकांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

"मला एकदा ट्राउट हातात घ्यायचाय रे. पकड तू. मी काठावर बसतो."

मी हो म्हटलं. त्या हिवाळ्यात माझ्या गळाला एकही मासा लागला नव्हता हे त्यांना माहीत होतं. तरीही त्यांनी मलाच विचारलं, कारण विचारायला दुसरं होतं कोण!

तर काका काठावर घडीच्या खुर्चीत बसले होते, डोक्याला कानटोपी, मांडीवर शाल, आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकत होते.

"वर टाक, वर! त्या काळ्या खडकाच्या वरच्या अंगाला."

टाकलं.

"एवढं वर नाही रे. आता बघ, दोरी पुढे पळाली आणि माशी मागून फरफटतेय. असली माशी ट्राउट खाईल का? तू खाशील का?"

"मी व्हेजिटेरियन आहे काका."

"जोक्स नंतर. परत टाक."

माशी म्हणजे आकड्याला दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला किडा, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यातला एक खडकाखाली अडकून तुटला. एक मागे झाडाच्या फांदीत गेला आणि तिथेच राहिला. नवा बांधायचा तर बोटं काठीसारखी झालेली, गाठ बसेना. मी वैतागून म्हणालो की हा रॉडच फार जड आहे.

"नाचता येईना अंगण वाकडं," काठावरून उत्तर आलं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. आठवडाभर ऑफिसात मॅनेजर बोलतो, घरी पोरगी इंग्रजीत डाफरते, आणि सुट्टीच्या दिवशी बर्फाच्या पाण्यात उभं राहून आणखी हे ऐकून घ्यायचं! "काका, यार, जरा गप्प बसता का?" मी ओरडलो. ते खरंच गप्प बसले. त्याचाही मला राग आला.

त्यानंतर बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं. मी टाकत होतो, वाहू देत होतो, उचलत होतो, पुन्हा टाकत होतो. पाय कधीच बधिर झाले होते. आणि काळ्या खडकाच्या खालच्या अंगाला, जिथे काकांनी मुळीच टाकायला सांगितलं नव्हतं, तिथे दोरी अडली. मला वाटलं, पुन्हा खडक. मी शिवी हासडून रॉड उचलला आणि खडक हलला.

मोठा होता. पाण्यात एकदा पिवळसर कूस चमकली आणि रॉड पार वाकला. "काका!" मी किंचाळलो. ते खुर्चीतून उठताना दिसले.

आणि त्याच वेळी भोंगा वाजला.

भोंगा वाजला की हातातलं सगळं टाकून काठ गाठायचा, मागे बघायचं नाही, हा काकांनीच मला घालून दिलेला पहिला नियम. या नदीने माणसं नेली आहेत. मी काठाकडे पाहिलं. काका दोन्ही हात हलवत ओरडत होते, "सोड! सोड! बाहेर ये!"

मी सोडला. दोरी हाताला गुंडाळून हिसडा दिला, तिच्या टोकाचा बारीक धागा तुटला, आणि मी मिळेल त्या दगडावर पाय टाकत काठाला आलो. धापा टाकत वर चढलो तेव्हा पाणी अजून तेवढंच होतं.

काका पाण्याच्या अगदी कडेला वाकून उभे होते. हातमोजे त्यांनी काढून ठेवले होते आणि दोन्ही हात मनगटापर्यंत ओले होते. ट्राउटला कोरड्या हाताने धरत नाहीत, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. ते हात ओले करून थांबले होते.

"मासा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"सोडला ना. तुम्हीच म्हणालात, सोड."

"दोरी, अरे, दोरी सोड म्हटलं मी! दोरी सैल सोडायची आणि चालत यायचं. तोही तुझ्या मागे आला असता. भरपूर वेळ होता."

"मग नीट सांगायचं ना काका! नुसतं सोड म्हटलं तर मी काय समजायचं?" माझा आवाज चढला होता. मला त्यांचा राग आला होता, धरणाचा आला होता, एका क्रियापदात इतके अर्थ कोंबणाऱ्या आपल्या भाषेचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त माझाच. दुसरा कुणी असता तर मासा लागल्यावर आधी मासा सांभाळला असता. मी मात्र सुटका झाल्यासारखा तोडून मोकळा झालो होतो.

काका चिडले नाहीत. खुर्चीत बसले आणि लाल झालेले हात शालीत पुसत राहिले.

"पोरगी म्हणाली, गाडी सोडा," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, नदी सोडा. मग सगळेच म्हणाले, घर सोडा. प्रत्येक वेळी मी पंधरा-पंधरा दिवस भांडलो रे. आणि मी तुला एकदा म्हणालो, तर तू लगेच ऐकलंस."

समोर काळा खडक बुडत चालला होता. हे पाणी आता रात्रीशिवाय उतरणार नव्हतं.