उसनेकाकूंचं इंजेक्शन

सालवडच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे उसनेकाकू म्हणायचे. आडनाव नव्हे ते. साखर, कुकरची रिंग, पाहुण्यांसाठी चादरी, काहीही उसनं मागा, काकू द्यायच्याच. "ने गं. घरात ठेवून काय लोणचं घालू?" बाई वाणगावकडची. बोलण्यात शंभरदा "नाय" यायचं, पण मागायला आलेल्याला ते कधी ऐकू आलं नाही.

अंगानं मात्र अवाढव्य. आमचा एक जिना चढताना तीनदा टेकायच्या. शेवटी पोट लहान करायचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, आधी दहा-बारा किलो उतरवा, नाहीतर टेबलावर घेणार नाही. त्यासाठी दर रविवारी पोटात टोचायचं इंजेक्शन दिलं, पेनासारखं, फ्रिजमध्ये ठेवायचं. पहिल्या महिन्यात शेजारी सुकट भाजली तरी काकूंना उमासे यायचे. तरी खूश होत्या. "बरी झाले का केळव्याच्या वाळूत चालंन, तू बघच."

दुसऱ्या महिन्यात काटा हलेना. ऑपरेशन पुढे ढकललं. पालघरच्या दवाखान्याच्या पायरीवर मी त्यांना नाही नाही ते बोलले. चोरून खाता, जिभेचे चोचले सुटत नाहीत तुमचे, वगैरे. काकू खाली बघत म्हणाल्या,

"खात नाय गं. इंजेक्शन वन्सं नेतात. पोरीचं लगीन हाय, ब्लाउज बसत नाय तिला. उसनंच तर मागितलं."

मला शिसारी आली. नणंदेची आली, त्या पोरीची आली, आणि खरं सांगायचं तर काकूंच्या चांगुलपणाचीही आली. परत मागा म्हटलं, तर म्हणाल्या, "दिलेली वस्तू मागू? आमी तसले नाय."

म्हणून मीच बोईसरला नणंदेकडे गेले. ती पापड लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढ्या देहाला एका सुईनं काय होणार होतं?"

लग्नात पोरगी छान बारीक दिसली. सगळ्यांनी काकूंना सांगितलं, हिच्याकडून शिका जरा. काकू हसल्या.

ऑपरेशनची दुसरी तारीख मिळालीच नाही. जिन्यात धाप लागली, बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

तेराव्याला नणंद पंगतीत वाढत होती. "काय करणार, वहिनीचा तोंडावर ताबाच नव्हता," असं चारचौघांत म्हणत तिनं माझ्या पानात आग्रहानं दुसरा लाडू ठेवला. मी भरल्या पानावरून उठले.