मथुरेला घरी पोचवलं त्याची गोष्ट

रत्नागिरीच्या खाडीपलीकडच्या भाटे गावच्या मथुरेचे हात बघितले असते तर ते बाईमाणसाचे आहेत असं कोणी म्हटलं नसतं. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने पुरायची, कुजली की उपसून मोगरीनं बडवायची आणि त्या काथ्याचा सुंभ वळायचा, यात तिचा जन्म गेला. अंगाला कुजक्या सोडणांचा वास कायमचा चिकटला होता. पन्नाशी उलटली तसा डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणूस समोर आला की सावली हलल्याचं तेवढं कळायचं. पण सुंभ वळायला डोळे कशाला लागतात?

नवरा महिपत. त्याच्याबद्दल चांगलं सांगायचं तर डोकं खाजवावं लागेल. एकुलता एक मुलगा लवू गलबतावर खलाशी म्हणून गेला आणि वेंगुर्ल्याकडची परजातीची मुलगी करून आला, तेव्हा या महात्म्यानं दोघांना अंगणातूनच परत लावलं. "या गावात पाय ठेवलास तर माझं मढं बघशील," म्हणाला. लवूनं ती शपथ पाळली. मथुरेला कोणी विचारलंच नाही. सहा-सात वर्षं ती पोराच्या आवाजाला तहानलेली राहिली, आणि घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

सन एकतीसच्या दिवाळीनंतर लवूच्या गलबतावरच्या रावजी तांडेलानं तिला गुपचूप निरोप दिला. रत्नागिरीत वरच्या आळीचा आनंदबाजार भरतो, त्या दिवशी लवूचं गलबत राजिवड्याच्या बंदराला पाणी भरायला लागणार होतं. ओहोटी लागली की निघणार. तेवढ्या वेळात लवू आळीत येईल. आईनं देवळासमोरच्या चाफ्याखाली बसायचं, तिथनं हलायचं नाही. गर्दीत कोण कोणाला भेटलं ते महिपतला कळणार नव्हतं. त्यानंतर गलबत कुठं जाईल आणि कधी परतेल, याचा मात्र नेम नव्हता.

मथुरेनं चोरून लवूसाठी नारळाच्या वड्या करून पुडक्यात बांधल्या, सुंभ विकायला जातंय म्हणून नवऱ्याला सांगितलं आणि सकाळच्या होडीनं खाडी ओलांडून चाफ्याखाली येऊन बसली.

आता त्या आनंदबाजाराची तऱ्हा ऐका. आळीतल्या बायकांनी भजी-चिवड्याची दुकानं मांडली होती, पोराबाळांना पाळणे होते, आणि बंदोबस्ताला शाळेतले बालवीर. खाकी चड्ड्या, हातात काठ्या, गळ्यात रुमाल. बालवीरानं रोज एक सत्कृत्य करायचं असतं. सकाळी रुमालाच्या टोकाला गाठ मारायची आणि सत्कृत्य झालं की सोडायची. त्या दिवशी मास्तरांनी बजावलं होतं, संध्याकाळी मामलेदारसाहेब येतील तेव्हा एकाच्याही रुमालाला गाठ दिसता कामा नये. वर एक शहाणपणही शिकवलं होतं. म्हातारी माणसं भिडेपोटी नको-नको म्हणतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

आता गाठी पंचवीस-तीस, आणि अडलेली माणसं आणायची कुठून? एक पोर हरवलं होतं, तेही त्याच्या आईलाच सापडलं. मग काय, सगळी टोळधाड आली मथुरेवर. एकानं पाणी पाजलं. दुसऱ्यानं पुन्हा पाजलं. तिसऱ्यानं पुठ्ठ्यानं वारा घातला. चौथ्यानं हाताला धरून देवदर्शन घडवून आणलं, आणि तेवढ्यात लवू येऊन गेला नसेल ना, या धास्तीनं देवासमोर तिला हात जोडायचंही सुचलं नाही.

दुपार कलली. गाठ न सुटलेले दोघंच उरले, वकिलांचा मोरेश्वर आणि त्याचा जोडीदार.

"आजी, तुम्ही भाट्याच्या ना? चला, तुम्हाला घरी पोचवतो," मोरेश्वर म्हणाला.

"नको रे बाबा. मला हितंच बसायचा हाय."

"केवढं ऊन आहे. तुम्हाला दिसतही नाही."

"माजा माणूस येनार हाय."

"कोण?"

इथं मथुरेची जीभ अडकली. भज्यांच्या दुकानापाशी भाट्याच्या दोन बायका बोलत होत्या, आवाज ओळखीचे होते. लवूचं नाव निघालं असतं तर दिवेलागणीच्या आत महिपतच्या कानावर गेलं असतं. ती पुडकं पदराखाली सारून तिथंच घट्ट बसली.

"बघ, भिडस्त आहे," मोरेश्वर जोडीदाराला म्हणाला.

दोघांनी हातांत हात गुंफून खुर्ची केली आणि म्हातारीला उचललीच. ती पाय झाडत होती, सोडा म्हणत होती, आणि आळीतले सभ्य लोक टाळ्या वाजवत होते. तिच्या गालांवरचं पाणी मेल्यांना आनंदाश्रू वाटले. सुंभाची वेटोळी तेवढी चाफ्याखाली राहिली.

बाजार मागं पडल्यावर तिनं काकुळतीनं खरं सांगून टाकलं. "पोरांनो, माजा ल्योक येनार हाय. मला परत न्या."

"मग घरीच येईल की," मोरेश्वर म्हणाला. "मुलगा आईला बाजारात कशाला भेटेल?"

राजिवड्याला जोडीदार मागं फिरला आणि मोरेश्वर तिला होडीतून पलीकडे घेऊन गेला. होडी परत फिरव म्हणून तिनं होडीवाल्याला विनवलं. तो हळूच म्हणाला, "मथुरे, महिपत समोर पुळणीवर हुबा हाय." मग तिनं काही मागितलं नाही.

भाट्याच्या वाळूत तिला उभी करून मोरेश्वरनं रुमालाची गाठ सोडली. पोर खूश होतं.

"आजी, एक गलबत निघालंय. केवढं शीड आहे."

"त्याच्यावर कोन हाय?"

"खलाशी आहेत. एक जण मागं नुसताच उभा आहे."

"हिकडं बघतोय?"

"नाही. आळीच्या बाजूला बघतोय."

मथुरेनं हाक मारायला तोंड उघडलं. मागून महिपत खाकरला. तिनं तोंड मिटलं. शिडाची फडफड खाडीच्या मुखाकडे गेली आणि लाटांच्या आवाजात बुडाली. मोरेश्वरनं पुडक्यात काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा तिनं ते त्याच्या हातात दिलं. वड्या छान झाल्यात, असं तो खाता खाता म्हणाला.

शिमग्याला रावजी आला तेव्हा बाकीचं कळलं. लवू चाफ्याखाली ओहोटी लागेपर्यंत उभा होता. आईच्या हातचा सुंभ त्यानं ओळखला. सुंभवाली बाई कुठं गेली म्हणून विचारलं, तर एक बालवीर म्हणाला, "त्या घरी गेल्या." म्हणजे आई आली आणि आपल्याला न भेटताच गेली, असं त्यानं धरलं. निघताना रावजीला म्हणाला, "तिला सांग, मला काय ते कळलं." मथुरेकडून खरी हकीकत ऐकून रावजी ती त्याला सांगायला निघाला तोवर लवू बायकोला घेऊन आफ्रिकेकडच्या बोटीवर चढला होता. पुढं त्याचा ठावठिकाणा लागला नाही. मोरेश्वरला मामलेदारसाहेबांच्या हातून बिल्ला मिळाला होता.

पुढच्या वर्षी आनंदबाजाराच्या मांडवासाठी सुंभ न्यायला बालवीर भाट्याला आले. मोरेश्वर पुढं होता, छातीवर बिल्ला लावून.

"आजी, यंदाही या हं. आम्ही पोचवू घरी."

मथुरेनं वेटोळी त्याच्या पायाशी टाकली.

"यंदा मला कुटंच बसायचा न्हाय," ती म्हणाली.