दिवेवाल्यांची पिवळी तार

काढलेला स्क्रू ते आधी ओठांत धरत, मग बशीत ठेवत. चष्मा बनियनच्या टोकाने पुसत, कारण शर्टाला ग्रीस असायचं. बॅटरीला हात लावण्याआधी अंगठी काढून खिशात टाकत आणि संध्याकाळी ती घरभर शोधत. चहा पार गार झाला की मगच त्यांना तो आठवे. गाडी सुरू झाली की बॉनेटवर दोन थापा मारत, शहाण्या बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा. तात्पुरतं काम मात्र करत नसत. कुणी चिकटपट्टी गुंडाळून तार जोडलेली दिसली, तर मालकासमोरच ती सोलून काढत.

गाड्यांच्या विजेची कामं करायचे. दोन तारा जोडलेल्या एका लहानशा बल्बवर बिघाड शोधायचे, म्हणून सगळे त्यांना दिवेवाले म्हणत. शेजारच्या गॅरेजातला मेकॅनिक त्यांचा जुना दोस्त. त्यानेच एकदा त्यांना घाबरवलं.

"दिवेवाल्या, आता गाडीत कॉम्प्युटर असतो. तुझा बल्ब वीज ओढतो ढसाढसा. एक दिवस डबा जाळशील कुणाचा तरी."

मुलीने मग वीज मोजणारा डिजिटल मीटर आणून दिला. बल्ब खिळ्यावर गेला. मीटरच्या आकड्यांचं दिवेवाल्यांना लहान मुलासारखं कौतुक होतं. येईल त्याला दाखवत.

आणि नेमकी त्यांचीच गाडी दगा द्यायला लागली. सपाटीवर ठीक चाले. तापली आणि चढ लागला की आचके देई, मग बंद पडे.

मुलीचे दिवस भरत आले होते. बाळ आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की थांबायचं नाही, तडक निघायचं. दवाखाना डोंगरापलीकडे. तिथली गाडी बोलवावी तर ती डोंगर चढून इकडे येणार आणि पुन्हा चढून जाणार. तेवढा वेळ नव्हता. जावई कामावर, लांब. राहता राहिली ही गाडी.

दिवेवाल्यांनी प्लग बदलले. फिल्टर बदलला. मेकॅनिकने पेट्रोलचा पंपसुद्धा उतरवून पाहिला. शेवटी इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांकडे वळले. एकाच्या तारांचा प्लग काढून त्यात मीटर लावला. बारा पॉइंट चार. वीज पुरेपूर.

"इथे काही नाही," ते म्हणाले, आणि इंजेक्टर डोक्यातून काढून टाकले.

मग एकटेच चढावर जाऊन आले. दुसऱ्याच वळणावर गाडी मेली. हँडब्रेक ओढून ते बसून राहिले. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते. मागच्या रिकाम्या सीटकडे त्यांना बघवेना.

घरी आले तेव्हा बायको दारातच होती.

"झाली?"

"होईल."

"ती विचारत होती."

"मग? काय सांगितलंस?"

"झाली म्हणून."

ते हात धुवायला मोरीत गेले. नळ उघडला. आधी जोरात धार आली, मग बारीक झाली, करंगळीएवढी. पाइपात कचरा अडकलेला होता, बायको कधीची सांगत होती. दिवेवाले त्या धारेकडे बघत राहिले. साबण हातातच होता. नळ बंद असताना पाइप भरलेलाच असतो. कळतं ते पाणी वाहायला लागल्यावर. आणि आपण मीटर लावला तो प्लग काढून. वीज घेणारंच कुणी नव्हतं.

ते तसेच बाहेर पळाले.

"अहो, नळ!" बायको ओरडली. "साबण तरी ठेवा!"

खिळ्यावरचा बल्ब काढला. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या तारेला त्यांनी स्पर्श केला नाही. बॅटरीकडून येणारी, चारही इंजेक्टरांना मिळून असलेली तार तेवढी धरली. चावी फिरवली. बल्ब पेटला, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. थेट बॅटरीला लावला, तर लख्ख. मग तारेच्या मागे मागे गेले. चावी फिरवली की इंजेक्टरांना वीज सोडणारी एक काळी डबी असते, रिले. रिलेच्या अलीकडे लख्ख, पलीकडे निखारा. रिले उपटला. तो ज्यात बसतो त्या खालच्या बैठकीतली एक पट्टी जळून काळी पडली होती, सैल झाली होती.

"गाढवा," दिवेवाले स्वतःला म्हणाले. पण तोंडावर हसू होतं.

बैठक नवीन हवी होती. दुकानात नव्हती, मागवावी लागणार होती. तेवढ्यात आतून बायकोची हाक आली, आणि तिचा आवाज नळासाठीचा नव्हता.

त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. बॅटरीपासून मध्ये फ्यूज घालून एक पिवळी तार थेट इंजेक्टरांच्या तारेला जोडली. वर चिकटपट्टी गुंडाळली. मीटरच्या तारा खिडकीतून आत घेतल्या आणि मीटर बायकोच्या हातात दिला.

"बाराच्या खाली गेला तर सांग."

"सांगून काय करू? उतरून ढकलू?"

"तू फक्त वाच गं."

चढ सुरू झाला. बायको मागे मुलीचं डोकं मांडीवर घेऊन आकडे वाचत होती. तेरा पॉइंट आठ. तेरा पॉइंट सात. मुलीने दातओठ खाल्ले. इंजिनचा पंखा सुरू झाला. तेरा पॉइंट एक.

"अहो, उतरतोय!"

दिवेवाल्यांनी एसी बंद केला, रेडिओ बंद केला. रेडिओने काय फरक पडणार होता, पण केला. दुसरं वळण आलं.

"बाबा," मुलगी कण्हत म्हणाली, "मलाही लावा तो मीटर. फ्यूज उडायची वेळ आलीय."

"तेरा पॉइंट चार," आई म्हणाली, आणि रडायला लागली.

वळण गेलं. दवाखान्याच्या दारात दिवेवाल्यांना स्टिअरिंगवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पिवळी तार तशीच राहिली. चावी बंद केली तरी तिच्यात वीज सतत असे. म्हणून गाडी उभी केली की बॉनेट उघडून फ्यूज काढायचा, निघताना घालायचा. मेकॅनिक येता जाता हसे.

"चिकटपट्टी, दिवेवाल्या? तू?"

"नात खांद्यावर आहे, हात मोकळे कुठायत? या रविवारी करतो."

नात मान धरायला लागली आणि दिवेवाले गेले. दुपारी, चहा समोर असताना. कुणाला काही कळलंच नाही.

आता गाडी मुलगी चालवते. बाळाला दवाखान्यात न्यायच्या आधी बॉनेट उघडून फ्यूज घालते. मेकॅनिक म्हणाला, मी करून देतो. ती म्हणाली, राहू दे काका, सध्या राहू दे.

मागवलेली नवी बैठक दिवेवाल्यांच्या टेबलावर आहे, पकडीत धरलेली. चार तारांपैकी तीन बसवलेल्या. चौथीचं टोक सोलून, पिळून ठेवलंय.